अतिआलिशान विद्युत मोटार की वेगवान विद्युत सेडान? निवड करताना पाहायच्या गोष्टी

भारतात विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बाजाराची दोन टोके २०२४ मध्ये अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने समोर आली. जानेवारीत रोल्स-रॉइसने ‘स्पेक्टर’ आणली, एक्स-शोरूम किंमत ७.५ कोटी रुपये. मार्चमध्ये बीवायडीची ‘सील’ सेडान आली. तिच्या ‘परफॉर्मन्स’ या सर्वांत वरच्या प्रकाराची किंमत ५३ लाख रुपये होती. किमतीत चौदा पटींचा फरक असताना वेगाचे आकडे मात्र उलटे आहेत. थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला सीलला ३.८ सेकंद लागतात, स्पेक्टरला ४.५ सेकंद.

म्हणून या दोन प्रकारच्या गाड्यांची निवड माहितीपत्रकातले आकडे शेजारी शेजारी ठेवून होत नाही. महाग गाडीत नेमके काय विकत मिळते, गाडी कोण चालवणार, ती रात्री कुठे उभी राहणार, चार्जिंग कुठे होणार आणि तिच्यात किती पैसा अडकणार, हे प्रश्न क्रमाने सोडवले की निर्णय आपोआप स्पष्ट होतो. या लेखात स्पेक्टर आणि सील या दोन गाड्या उदाहरण म्हणून घेतल्या आहेत. किमती त्या त्या वेळी जाहीर झालेल्या आहेत. खरेदीच्या दिवशीचा भाव विक्रेत्याकडून लेखी घ्यावा.

वेग स्वस्त कसा झाला

पेट्रोल इंजिनातून मोठी शक्ती काढायची तर जास्त सिलिंडर, टर्बो, किचकट गिअरबॉक्स आणि ते सगळे थंड ठेवण्याची यंत्रणा लागते. त्यामुळे शंभर वर्षे वेग आणि किंमत हातात हात घालून वाढत गेली. विजेच्या मोटरला मात्र चाक फिरू लागताच जवळजवळ पूर्ण पीळशक्ती, म्हणजे टॉर्क, मिळतो. पुढच्या आणि मागच्या आसाला एकेक मोटर बसवली आणि त्यांना पुरेसा प्रवाह देणारी बॅटरी दिली, की मध्यमवर्गाच्या आवाक्याजवळची सेडानही पूर्वीच्या स्पोर्ट्स कारइतकी झेप घेते. सील परफॉर्मन्सची शक्ती ५३० पीएस आणि टॉर्क ६७० न्यूटन मीटर आहे. स्पेक्टरची शक्ती ५८४ पीएस आणि टॉर्क ९०० न्यूटन मीटर. पण स्पेक्टरचे वजन जवळपास २,९०० किलो आहे, सीलचे २,१८५ किलो. जास्तीची शक्ती हे वजन हलवण्यात खर्ची पडते.

यातून पहिला धडा निघतो. ज्याला झेप हवी आहे त्याने कोटींत खर्च करण्याचे कारण उरलेले नाही. त्याच्याही पुढे जाऊन, झेपेची गरज किती आहे हे ग्राहकाने स्वतःला विचारावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींसाठी वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि घाटात ६०. सीलचाच ‘प्रीमियम’ हा एक मोटरचा प्रकार ४५.५५ लाखांत आला होता. त्याला शंभरचा वेग गाठायला ५.९ सेकंद लागतात, बॅटरी तीच ८२.५६ किलोवॉट तासांची, आणि कंपनीने सांगितलेला पल्ला ५८०ऐवजी ६५० किलोमीटर. ट्रकला झटकन ओलांडण्यासाठी ५.९ सेकंदांची गाडी पुरेशी आहे. त्यामुळे बहुतेक कुटुंबांसाठी सात लाख वाचवून जास्त पल्ला देणारा प्रकार अधिक शहाणपणाचा ठरतो.

साडेसात कोटींत काय मिळते

अतिआलिशान गाडीची किंमत शांतता, कारागिरी आणि दुर्मीळपणा यांसाठी असते. चार्ल्स रोल्स यांनी १९०० मध्येच विजेच्या गाडीच्या नीरवतेची आणि स्वच्छतेची तारीफ केली होती आणि चार्जिंगची सोय झाल्याशिवाय तिचा उपयोग होणार नाही, असेही बजावले होते. स्पेक्टर ही त्यांच्या नावाच्या कंपनीची पहिली संपूर्ण विद्युत मोटार ऑक्टोबर २०२२ मध्ये जगासमोर आली. तिच्या तळाशी असलेला सुमारे ७०० किलोंचा बॅटरीसंच रस्त्याचा आवाज शोषून घेण्याचेही काम करतो. सस्पेन्शनची यंत्रणा पुढचा रस्ता आणि वळणे ओळखून स्वतःला जुळवून घेते, त्यामुळे खराब पृष्ठभागावरूनही गाडी तरंगत गेल्यासारखी वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे हाताने घडवलेले आतले काम. गाडी इंग्लंडमधल्या गुडवूड येथे ग्राहकाच्या पसंतीनुसार तयार होते. रंग, कातडे, लाकूड, शिवण, दारांच्या आतल्या बाजूला चमकणारे ४,७९६ ठिपक्यांचे ‘तारे’, सगळे निवडता येते. दार मागच्या बाजूला बिजागरीवर असते आणि जवळपास दीड मीटर लांब असते. चालक आत बसला की ते ओढायला हात बाहेर काढावा लागत नाही. ब्रेकच्या पेडलवर पाय दाबून धरला की दार आपोआप मिटते. अशा बारकाव्यांना ज्याच्या लेखी खरी किंमत आहे, त्याच्यासाठीच हा खर्च आहे. त्याला घडणीची वाट पाहण्याचीही तयारी ठेवावी लागते, कारण पसंतीनुसार बनवलेली गाडी हातात यायला महिने लागतात.

सीलमध्ये शांतता, चांगली आसने, मोठा पडदा, हवेशीर सीट, काचेचे छत आणि नऊ एअरबॅग मिळतात. युरो एनकॅपच्या २०२३च्या चाचणीत तिला पाच तारे मिळाले. सुरक्षितता आणि रोजची सोय यांसाठी अतिआलिशान गाडी घेणे भाग आहे, ही समजूत आता मागे टाकायला हवी.

गाडी कोण चालवणार

हा प्रश्न आपल्याकडे सर्वांत आधी विचारायला हवा आणि तोच बहुतेक वेळा राहून जातो. ज्या घरात एवढी महाग गाडी येते, तिथे सहसा ड्रायव्हर असतो आणि मालक मागे बसतो. स्पेक्टर ही दोन दारांची, चार आसनांची कूपे आहे. तिचे सगळे सुख पुढच्या आसनांभोवती बांधलेले आहे. मागे बसायचे तर पुढचे आसन सरकवून आत शिरावे लागते. घरात वयस्कर आई-वडील असतील, मालकाला मागे बसून फोनवर कामे उरकायची असतील, तर साडेसात कोटी मोजूनही रोजची गैरसोय पदरी पडेल. स्पेक्टर त्याच्यासाठी आहे, ज्याला स्वतः सुकाणू हातात धरायला आवडते आणि ज्याच्या दारात मागे बसण्याजोगी दुसरी गाडी आधीपासून उभी आहे.

सीलला चार दारे आहेत, पण तिचीही एक मर्यादा आहे. बॅटरी तळाशी असल्याने मागची फरशी उंच आहे, त्यामुळे उंच माणसाचे गुडघे वर येतात आणि मांड्यांना पुरेसा आधार मिळत नाही. तासाभराच्या प्रवासात ते जाणवत नाही, पण पुण्याहून कोल्हापूरला जाताना जाणवेल. म्हणून घरातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला मागच्या आसनावर बसवून पाहिल्याशिवाय कोणतीही विद्युत सेडान घेऊ नये.

गाडी उभी कुठे राहणार

मुंबई, ठाणे, पुण्यात गाडीच्या निवडीवर पार्किंगचा अंमल चालतो. स्पेक्टरची लांबी जवळपास साडेपाच मीटर आणि रुंदी दोन मीटर आहे. इमारतीतली पार्किंगची जागा साधारण अडीच मीटर रुंद असते. शेजारच्या जागेत दुसरी गाडी उभी असेल, तर दीड मीटर लांबीचे दार पुरते उघडणार नाही. म्हणजे एका गाडीसाठी दोन जागा धराव्या लागतात किंवा भिंतीकडची मोकळी जागा मिळवावी लागते.

यांत्रिक पार्किंग असलेल्या सोसायट्यांत अडचण याहून मोठी आहे. गाडी ज्या लोखंडी पॅलेटवर चढते त्याची वजनक्षमता बऱ्याच ठिकाणी दोन ते अडीच टन असते आणि लांबीची मर्यादा पाच मीटरच्या आसपास. स्पेक्टर त्यात बसतच नाही. ४.८ मीटर लांबीची सील लांबीत बसते, पण २,१८५ किलो वजनामुळे दोन टनांच्या पॅलेटवर तीही चढवता येणार नाही. पॅलेटच्या खांबावर किंवा नियंत्रण पेटीवर लावलेली पाटी वाचावी आणि सोसायटीकडून क्षमता लेखी घ्यावी. बुकिंगची रक्कम भरल्यानंतर हे लक्षात आले तर फार उशीर झालेला असतो.

तळघराचा उतारही तपासावा. सील जमिनीला बरीच लागून चालते. चार-पाच माणसे बसलेली असताना उंच स्पीडब्रेकरवर किंवा उताराच्या तोंडाशी तिचा तळ घासू शकतो, आणि विद्युत गाडीत तळाशी बॅटरी असते.

चार्जिंग आणि पल्ला

कंपनीने सांगितलेला पल्ला कोणत्या चाचणीचा आहे, हे आधी विचारावे. सील परफॉर्मन्सचा ५८० किलोमीटरचा आकडा एनईडीसी या जुन्या आणि सैल चाचणीचा आहे. युरोपातल्या डब्ल्यूएलटीपी या अधिक कडक चाचणीत त्याच गाडीचा पल्ला ५२० किलोमीटर भरतो. स्पेक्टरचा ५३० किलोमीटरचा आकडा डब्ल्यूएलटीपीचा आहे. म्हणजे कागदावर ५० किलोमीटरने मागे वाटणारी गाडी प्रत्यक्षात बरोबरीची आहे. एसी, महामार्गाचा वेग आणि घाट धरून डब्ल्यूएलटीपीच्या तीनचतुर्थांश पल्ला हिशेबात घ्यावा. तो दोन्ही गाड्यांना चारशेच्या आसपास येतो. मुंबई-पुणे जाऊन-येऊन सुमारे ३०० किलोमीटर होतात. ते एका चार्जमध्ये दोघींनाही जमते. मुंबई ते नागपूर मात्र वाटेत चार्जिंग केल्याशिवाय दोघींनाही जमत नाही.

घरचे चार्जिंग हा विद्युत गाडीचा कणा आहे. किलोवॉट तास म्हणजेच वीजबिलातले युनिट. ७ किलोवॉटच्या चार्जरवर आठ तासांत ५६ युनिटे भरतात. तेवढ्यात सील अडीचशे ते तीनशे किलोमीटर चालते, स्पेक्टर दोनशे ते अडीचशे. रोजच्या शहरी वापराला हे भरपूर आहे. स्पेक्टरला २२ किलोवॉटपर्यंतचा एसी चार्जर चालतो, पण त्यासाठी थ्री फेज जोडणी आणि मोठा मंजूर भार लागतो. वीज कंपनीकडे भार वाढवून घेणे, मीटरच्या खोलीपासून पार्किंगपर्यंत योग्य जाडीची केबल ओढणे, स्वतंत्र मीटर बसवणे आणि सोसायटीचे संमतिपत्र घेणे ही कामे गाडी येण्याआधी पूर्ण व्हायला हवीत.

महामार्गावरच्या जलद चार्जिंगची स्पेक्टरची कमाल क्षमता १९५ किलोवॉट आहे आणि १० ते ८० टक्के भरायला ३४ मिनिटे लागतात. सीलची कमाल १५० किलोवॉट आणि त्याच टप्प्याला ३७ मिनिटे. इथेही महाग गाडीला फारसा लाभ नाही. शिवाय वाटेत ६० किलोवॉटचाच चार्जर मिळाला, तर लहान बॅटरीची गाडी आधी सुटते. सीलला तासभर पुरतो, स्पेक्टरला सव्वा तास लागतो.

सीलची ‘ब्लेड’ बॅटरी लोह-फॉस्फेट प्रकारची आहे. हा प्रकार उष्णता चांगली सोसतो आणि पूर्ण १०० टक्के भरल्याने त्याचे फारसे नुकसान होत नाही. निकेलयुक्त बॅटरी असलेल्या गाड्यांत रोजच्या वापरासाठी ८० टक्क्यांपर्यंत भरून थांबणे आणि लांबच्या प्रवासाआधीच पूर्ण भरणे हा पाळण्याजोगा नियम आहे.

खर्चाचा खरा हिशेब

विजेचा खर्च या निवडीत गौण आहे. स्पेक्टरला १०० किलोमीटरला साधारण साडेबावीस युनिटे लागतात, सील परफॉर्मन्सला १८ युनिटे. वर्षाला १२,००० किलोमीटर आणि युनिटला १२ रुपये धरले, तर स्पेक्टरचे विजेचे बिल सुमारे ३२,४०० रुपये होते आणि सीलचे सुमारे २६,०००. वर्षाला साडेसहा हजारांचा फरक म्हणजे या किमतींपुढे काहीच नाही.

मोठा खर्च घसाऱ्याचा आहे. विम्यासाठी गाडीची किंमत ठरवताना पहिल्या वर्षाअखेरीस १५ टक्के घट धरण्याची पद्धत रूढ आहे. ७.५ कोटींचे १५ टक्के म्हणजे १ कोटी साडेबारा लाख. एका वर्षात कागदावर जेवढी किंमत उतरते, तेवढ्यात दोन सील परफॉर्मन्स येतात. अडकलेल्या पैशाचा विचार केला, तर सात टक्के व्याजाने ७.५ कोटींवर वर्षाला साडेबावन्न लाख मिळाले असते. आकडे डोळ्यांसमोर ठेवूनही ज्याचे मन डगमगत नाही आणि ज्याच्या व्यवसायाच्या भांडवलाला धक्का लागत नाही, त्यानेच अतिआलिशान गाडीचा विचार करावा. अशी गाडी कर्ज काढून घेणे टाळलेले बरे.

विम्यात तृतीय पक्षाचा हप्ता मोटरच्या शक्तीवर ठरतो. ६५ किलोवॉटच्या वरच्या सगळ्या खासगी विद्युत मोटारी एकाच गटात असल्याने तो दोघींना सारखाच पडतो. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात, कारण तो गाडीच्या किमतीवर असतो. दोन्ही गाड्या पूर्ण बांधलेल्या अवस्थेत आयात होतात, त्यामुळे काच, दिवा, बंपर यांसारख्या भागांना वेळ आणि पैसा जास्त लागतो. घसारामुक्त संरक्षण, चोरी किंवा संपूर्ण नुकसानीत मूळ बिलाची रक्कम देणारे संरक्षण आणि बॅटरीचे व चार्जरचे संरक्षण ही तिन्ही पूरक कलमे घ्यावीत. पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या शहरात बॅटरीचे कलम विशेष महत्त्वाचे आहे. पेट्रोल गाडीसाठीचे इंजिन संरक्षण बॅटरीला लागू होईलच असे धरून चालू नये.

टायरचाही हिशेब हवा. जड विद्युत गाड्यांचे टायर लवकर झिजतात. सीलला १९ इंची चाके आहेत, स्पेक्टरला २३ इंची. २३ इंची टायर गल्लीतल्या दुकानात मिळत नाही. एक टायर फुटला तर तो येईपर्यंत गाडी जागेवर उभी राहते.

महाराष्ट्रात शासनाच्या २०२५च्या विद्युत वाहन धोरणामुळे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विद्युत मोटारींना टोलमाफी आहे. मोटार वाहन करातही सवलत आहे. २०२५-२६च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विद्युत मोटारींवर सहा टक्के कर सुचवला गेला होता आणि पुढे तो प्रस्ताव मागे घेण्यात आला. सवलती अशा बदलत राहतात, म्हणून बिल होण्याआधी आरटीओतला त्या दिवसाचा नियम पाहावा. सहा टक्के दराने सील परफॉर्मन्सवर तीन लाखांहून अधिक कर बसला असता, यावरून या चौकशीचे महत्त्व कळेल.

सेवा आणि हमी

रोल्स-रॉइसची सेवा मोजक्या महानगरांत आहे.  नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मालकाला दुरुस्तीसाठी गाडी वाहून न्यावी लागेल. बीवायडीचे जाळेही मारुती किंवा टाटा यांच्याइतके पसरलेले नाही. राहत्या शहरापासून सेवा केंद्र किती दूर आहे आणि तिथे उच्च दाबाच्या बॅटरीवर काम करणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ आहे का, हे दोन्ही बाबतींत प्रत्यक्ष जाऊन पाहावे. बॅटरीची हमी किती वर्षांची, किती किलोमीटरची आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर ती लागू होते, हे हमीपत्रात वाचावे. जुनी गाडी विकताना घेणारा पहिल्यांदा हेच कागद मागतो.

मधले पर्याय

अनेकांची खरी गरज या दोन टोकांच्या मध्ये असते. मागे ऐसपैस बसायचे आहे, गाडी विजेवरची हवी आहे आणि प्रतिष्ठाही हवी आहे, अशा ग्राहकाने मर्सिडीझ-बेंझ ईक्यूएस ५८० पाहावी. ती सप्टेंबर २०२२ मध्ये १.५५ कोटींना आली आणि तिची जुळणी पुण्याजवळ चाकणला होते. स्थानिक जुळणीमुळे आयात शुल्काचा भार हलका होतो. बीएमडब्ल्यू आय७ जानेवारी २०२३ मध्ये १.९५ कोटींना आली. तिच्या मागच्या आसनांसमोर छतातून ३१.३ इंची पडदा उतरतो. ड्रायव्हर ठेवणाऱ्या घरासाठी या दोन्ही सेडान स्पेक्टरपेक्षा अधिक योग्य आहेत आणि किंमत तिच्या तृतीयांशाहूनही कमी आहे. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातून विक्री सुरू केली ती मॉडेल वायने, आणि ती एसयूव्ही आहे. सेडानच हवी असलेल्याने हा भेद ध्यानात ठेवावा.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी

शोरूमभोवतीची दहा मिनिटांची फेरी पुरेशी नाही. गाडी स्वतःच्या इमारतीत आणावी, उतारावरून तळघरात न्यावी, ठरलेल्या जागी लावून दारे उघडून पाहावीत. घरची सगळी माणसे बसवून ओळखीच्या उंच स्पीडब्रेकरवरून न्यावी. काँक्रीटच्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरला टायरचा आवाज किती येतो ते ऐकावे. एसी नेहमीसारखा चालू ठेवून निघताना आणि परतल्यावर बॅटरीची टक्केवारी टिपून ठेवावी. शेवटी एकदा जलद चार्जरवर लावून पाहावी, म्हणजे केबलची लांबी, पोर्टची जागा आणि ॲपची भानगड कळते.

कोणी कोणती घ्यावी

एकच गाडी ठेवणाऱ्या, स्वतः चालवणाऱ्या, नोकरी-व्यवसायासाठी रोज ती वापरणाऱ्या आणि अधूनमधून कुटुंबासह लांब जाणाऱ्या ग्राहकाने वेगवान सेडान घ्यावी, आणि तिच्यातही जास्त पल्ल्याचा प्रकार आधी पाहावा. ड्रायव्हर असलेल्या, ज्येष्ठांना घेऊन फिरणाऱ्या घराने मधल्या किमतीची मोठी सेडान निवडावी. ज्याच्याकडे रोजच्या वापराची गाडी आहे, स्वतंत्र बंगला किंवा मोकळी पार्किंग आहे, कंपनीचे सेवा केंद्र जवळ आहे, घसारा सोसण्याची ताकद आहे आणि कारागिरीची मनापासून ओढ आहे, त्याने अतिआलिशान गाडी जरूर घ्यावी. या पाचांपैकी एखादी अटही पुरी होत नसेल, तर खरेदी पुढे ढकलावी. विद्युत मोटारींच्या बॅटऱ्या आणि चार्जिंगचे जाळे दोन्ही सुधारत आहेत, त्यामुळे थांबणाऱ्याचे सहसा नुकसान होत नाही.